लेमको लोकांचे पारंपरिक कपडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोलंडमधल्या लोकनृत्याचा एखादा व्हिडिओ फिरत फिरत आपल्याकडे येतो, त्यात खांद्यावर मण्यांची रुंद जाळी घातलेल्या पोरी आणि तपकिरी झगे पांघरलेले बाप्ये दिसतात, आणि मग मेसेज सुरू होतात की हे कोण, ते काय घातलंय, विकत कुठे मिळेल. तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळी उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवतेय. काही उत्तरं लांबलीत, कापडाचा विषय निघाला की माझं तसंच होतं.

हे लेमको म्हणजे नक्की कोण?

मध्य युरोपातल्या कार्पेथियन डोंगरातले पूर्व स्लाव्ह, म्हणजे युक्रेनियनांच्या भाषाकुळातले लोक. पोलंडच्या आग्नेय कोपऱ्यात बेस्किद निस्की नावाची बुटकी डोंगररांग आहे, क्रिनित्सा, गोर्लित्से, सानोक ही तिच्या आसपासची गावं, आणि डोंगर उतरून दक्षिणेला गेलं की स्लोव्हाकियातला स्विद्निकचा भाग. हा सगळा पट्टा म्हणजे त्यांचा मूळ मुलूख. भाषा वेगळी, लिपी सिरिलिक, धर्म ग्रीक कॅथलिक नाहीतर ऑर्थोडॉक्स. धंदा शेती, मेंढरं आणि जंगलातली लाकूडतोड. काही जण स्वतःला रुसीन म्हणवतात, काही युक्रेनियन, काही म्हणतात आम्ही फक्त लेमको, आणि हा वाद त्यांच्यातच अजून चालू आहे, तेव्हा बाहेरच्यांनी त्यात निकाल द्यायला जाऊ नये.

अँडी वॉरहॉल माहितीये ना, सूपच्या डब्यांची चित्रं काढणारा? त्याचे आईवडील याच डोंगरपट्ट्यातल्या मिकोवा नावाच्या गावचे, जे आज स्लोव्हाकियात आहे.

यांचा एकच ठरलेला ड्रेस आहे का?

नाही, आणि सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. स्टेजवर जे दिसतं ते बहुतेक वेळा रविवारी चर्चला जायचे किंवा लग्नातले कपडे असतात, तेही साधारण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून 1930 च्या दशकापर्यंतचे. त्याच माणसाचे शेतातले कपडे म्हणजे जाड तागाचा सदरा आणि जाड तागाची विजार, बस्स. ताग म्हणजे इथे आपलं गोणपाट डोळ्यासमोर आणू नका, जवसाच्या झाडाच्या खोडापासून निघणारा धागा, ज्याला आपण दुकानात लिनन म्हणतो तो. शिवाय पश्चिमेकडची गावं, मधली गावं, सानोककडची पूर्वेची गावं, डोंगराच्या पलीकडची गावं, प्रत्येकाचं थोडं थोडं वेगळं. शेजारी कोण आहे त्यावर बरंच ठरतं. पश्चिमेला पोलिश डोंगरी लोकांचा हात लागलाय, पूर्वेला बोइकोंचा (तेही कार्पेथियनमधलेच डोंगरी लोक), दक्षिणेला स्लोव्हाक आणि हंगेरियन बाजारांचा. म्हणून कुणी "अस्सल लेमको पोशाख" म्हणून एकच फोटो दाखवला तर पहिला प्रश्न विचारायचा, कुठल्या गावचा?

बायकांच्या कपड्यांत काय काय येतं?

आतून बाहेर अशा क्रमाने सांगते, म्हणजे डोक्यात बसेल.

सगळ्यात आत तागाचं पांढरं आखूड ब्लाउज, त्याला ओप्लिचा म्हणतात, कंबरेपर्यंतच येतो, बाह्या रुंद, गळ्याशी आणि मनगटाशी बारीक चुण्या घालून आवळलेला आणि पट्टीवर थोडीशी भरतकामाची नक्षी. थोडीशीच हं. लेमको भरतकाम युक्रेनियन म्हणून जे लालभडक भरगच्च आपण बघतो तसं जुन्या कपड्यांत नसतं.

त्याखाली घागरा, कबात. एकावर एक घालायची पद्धत होती, आत साधा पांढरा तागाचा आणि वर दिसायला चांगला, छापील किंवा नंतर नंतर बाजारातल्या फुलाफुलांच्या कापडाचा. भरपूर घेर आणि चुण्या इतक्या बारीक की कापड उभं राहतं. चुण्या टिकवायचं तंत्र कार्पेथियनच्या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी सारखंच: कापड ओलं असतानाच बोटांनी चुणी चुणी पाडत जायचं, घट्ट बांधायचं आणि तसंच वाळू द्यायचं. दर धुण्यानंतर पुन्हा तेच. त्यामुळे चांगला कबात रोज रोज कोण धुणार.

घागऱ्यावर पुढून अ‍ॅप्रन, झापास्का. तोही चुण्यांचा, खाली रिबिनी किंवा लेस लावलेली. त्याशिवाय चारचौघात जाणं बरं दिसायचं नाही.

वर बिनबाह्यांची अंगाला बसणारी बंडी, मखमलीची किंवा लोकरी कापडाची, तिला गोर्सेट नाहीतर लाइबिक म्हणतात. पाठीवर, छातीवर भरतकाम, फिती, कधी मणी. पैसा दाखवायचा असेल तर तो इथे दिसतो. थंडीत यावर घरच्या लोकरीचा आखूड कोट, हुन्का, आणि फारच कडाका असला तर मेंढीच्या कातड्याचा कोट.

गळ्यातली ती मोठी मण्यांची जाळी काय असते?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न! ती क्रिवुल्का. बारीक काचेचे मणी दोऱ्यात, पूर्वी घोड्याच्या केसातसुद्धा, जाळीसारखे ओवत ओवत केलेली गोल कॉलर. अरुंद असली तर गळ्यापुरती, रुंद असली तर दोन्ही खांदे झाकते. नक्षी बहुतेक भौमितिक, शंकरपाळीसारखे चौकोन, नागमोडी पट्टे, तारे. रंग लाल, पांढरा, निळा, हिरवा, पिवळा. सपाट पट्टी ओवली तर ती गळ्याभोवती नीट गोल बसत नाही, म्हणून ओवताना बाहेरच्या ओळीला मणी वाढवत जावं लागतं, खरी कारागिरी तिथे आहे. नुसत्या फोटोवरून करायला गेलात तर पहिल्या खेपेला ती गळ्यात उभी राहील, कारण आतल्या आणि बाहेरच्या ओळीतला हा हिशोब फोटोत दिसत नाही.

घालायच्या त्या मुख्यतः तरुण मुली आणि नव्या सुना, सणावाराला. म्हाताऱ्या बायका लाल पोवळ्याच्या माळा घालायच्या, ज्यांना परवडायच्या त्या. आणि मणी? ते गावात होत नव्हते, बोहेमियाच्या (आजच्या चेकियातल्या) काचकारखान्यांतले मणी फेरीवाल्यांकडून आणि जत्रेतून यायचे. म्हणजे जी गोष्ट आज "शंभर टक्के घरगुती परंपरा" म्हणून दाखवतात तिचा कच्चा माल बाजारातलाच. मला यात काही कमीपणा वाटत नाही, उलट हेच मजेशीर वाटतं.

आजकाल युक्रेनमध्ये ही फॅशन म्हणून जीन्सवर पण घालतात, आणि तिकडे सिल्यांका हे नाव जास्त ऐकू येतं.

लग्न झालेली बाई कशी ओळखायची?

डोक्यावरून. कुमारिका मुलीची वेणी, त्यात रिबिनी, डोकं उघडं चालतं. लग्नात एक विधी असतो, मोठ्या बायका मिळून नवरीची वेणी सोडतात, केस एका कड्यावर गुंडाळतात (लाकडाचं किंवा तारेचं कडं, त्याला खिम्ल्या म्हणतात) आणि त्यावर टोपी चढवतात, चेपेत्स. त्यानंतर बाईने उघड्या डोक्याने बाहेर जायचं नाही. टोपीवर रुमाल, फात्सेलिक, तो बांधायच्या तऱ्हाही गावागावाच्या वेगळ्या. टोपीचा पुढचा भाग भरतकामाचा असतो कारण रुमालाखालून तेवढाच दिसतो. स्टेज ग्रुपमध्ये सगळ्या मुलींच्या डोक्याला एकसारखे रुमाल दिसतात तेव्हा हा फरक सगळा पुसला जातो, आणि जुन्या बायकांना ते खटकतं असं त्या स्पष्ट बोलून दाखवतात.

पुरुषांचा तो तपकिरी झगा म्हणजे काय, आणि ते बाहीत हात का घालत नाहीत?

चुहान्या. काही ठिकाणी नुसतं चुहा म्हणतात. लेमको पोशाख एका कपड्यावरून ओळखायचा झाला तर तो हाच.

जाड घरगुती लोकरी कापडाचा लांब रुंद झगा, गडद तपकिरी, आणि हा तपकिरी बहुतेक वेळा रंगवलेला नसतो, काळपट मेंढ्यांच्या लोकरीचाच तो नैसर्गिक रंग. मागे पाठीवर मोठी चौकोनी कॉलर लोंबते, तिच्या कडेला पांढरे पट्टे आणि खाली लांब गोंडे. पट्टे किती, गोंडे पांढरे की गडद, केवढे लांब, यावरून जाणकार माणूस कुठल्या खोऱ्यातला ते सांगू शकायचे.

बाहीत हात नाहीत कारण बाहीची खालची टोकं शिवून बंद केलेली असतात! झगा खांद्यावर नुसता टाकायचा आणि बाह्या म्हणजे पिशव्या, त्यात भाकरीचा तुकडा, तंबाखू, बाजारातून घेतलेली वस्तू काय वाटेल ते. पाऊस आला की मागची कॉलर उचलून डोक्यावर घ्यायची. आपल्याकडचा धनगर घोंगडी जशी पांघरतो, खोळ करून डोक्यावर घेतो, साधारण तोच हिशोब, फक्त चुहान्याला शिवण आहे. आणि गंमत म्हणजे काम करताना हा घालताच येत नाही, त्यामुळे चुहान्या हा मानाचा कपडा झाला. चर्च, जत्रा, लांबचा प्रवास आणि लग्न. लग्नात तर भर उन्हाळ्यात सुद्धा.

बाकी पुरुष काय घालायचे?

तागाचा सदरा. जुन्या पद्धतीच्या सदऱ्याला चीर पुढे नाही, पाठीमागे असते आणि मागेच बांधतात, ही लेमकोंची खास खूण. मग नवीन सदरे आले, कारखान्याचे कापड आलं, चीर पुढे आली.

उन्हाळ्यात तागाची पांढरी विजार, नोहावकी. थंडीत आणि सणाला लोकरी विजार, खोलोश्नी, पांढऱ्या नाहीतर तपकिरी लोकरीची, शिवणीवर निळ्या लाल फिती. सदऱ्यावर बिनबाह्यांची बंडी, लाइबिक, गडद निळ्या विकतच्या कापडाची, पितळी बटणांच्या ओळी. तरुण पोरांचा सगळा रुबाब या बटणांत. वरून हुन्का. पायात केर्प्त्सी, म्हणजे एकाच कातड्याच्या तुकड्याला दुमडून चुण्या घालून केलेल्या मऊ वहाणा, आत पायाला गुंडाळलेलं लोकरी कापड, आणि वरून पोटरीपर्यंत कातडी दोऱ्या. पैसेवाल्यांचे उंच बूट. डोक्यावर काळी फेल्टची वर वळलेल्या काठाची टोपी, जिला ते हंगेरियन टोपी म्हणतात, हिवाळ्यात मेंढीच्या कातड्याची.

तो रुंद चामडी पट्टा सगळे घालायचे का?

नाही. चेरेस म्हणतात त्याला. दुहेरी चामडं, तीन चार बकला, जवळजवळ अख्खं पोट झाकेल इतका रुंद. मेंढपाळ, लाकूड वाहणारे, लांबचा प्रवास करणारे व्यापारी यांचा तो. जड कामात कंबरेला आधार आणि दोन थरांच्या मध्ये पैसे लपवायची जागा. आता डान्स ग्रुपमध्ये सगळ्यांच्याच कमरेला असतो, कारण फोटोत छान दिसतो.

घागऱ्याचं निळं छापील कापड नीळ वापरून केलेलं असतं का? भारताशी संबंध आहे का?

हो, नीळच. पद्धत अशी की लाकडी ठशाने कापडावर चिकट लेप छापायचा, वाळवायचा, मग कापड निळीच्या हौदात पुन्हा पुन्हा बुडवायचं. लेपाखाली रंग शिरत नाही, लेप धुतला की निळ्यावर पांढरी नक्षी. हे काम खेड्यातल्या बाया करत नव्हत्या, त्या स्वतः विणलेलं तागाचं कापड बाजारगावातल्या रंगाऱ्याकडे न्यायच्या, नमुन्याच्या कापडावरून नक्षी निवडायच्या आणि काही दिवसांनी कापड घ्यायला जायच्या.

भारताशी संबंध एवढाच की नैसर्गिक नीळ युरोपात बराच काळ भारतातून जायची, आणि 1897 पासून जर्मन कारखान्यातली कृत्रिम नीळ बाजारात आली आणि तो व्यापार बसला. नक्षी आपल्याकडून गेली वगैरे जे काही ग्रुपमध्ये फिरतं त्याला मी हो म्हणणार नाही.

हे युरोपातलं निळं छापकाम 2018 साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आलं, स्लोव्हाकिया, चेकिया, हंगेरी, ऑस्ट्रिया आणि जर्मनी या पाच देशांच्या नावावर.

कापड घरीच बनायचं का?

बरंचसं. जवस पेरायचा, उपटायचा, पाण्यात कुजवायचा, कुटायचा, विंचरायचा, हिवाळाभर सूत काढायचं, विणायचं आणि मग उन्हाळ्यात ते कापड ओढ्याकाठच्या गवतावर अंथरून पाणी मारत मारत पांढरं करायचं. जवळपास सगळं बायकांचं काम, वर्षभराचं.

लोकरीचं वेगळं. विणलेलं कापड विरविरीत असतं, त्याला ओढ्यावरच्या कुटणगिरणीत न्यायचे, तिथे पाण्याच्या चाकावर लाकडी हातोडे चालायचे आणि ओलं कापड कुटून कुटून आटवायचे. आटलं की ते जाड, वारा पाणी अडवणारं होतं. चुहान्याच्या कडा का उसवत नाहीत याचं उत्तर हेच, कापड आटून घट्ट झालेलं असतं. बेस्किदमध्ये फोलुश नावाचं एक गाव आहे, ते नाव याच गिरणीवरून.

बाजारातून यायचं ते म्हणजे निळं सुटाचं कापड, मखमल, रिबिनी, मणी, बटणं, रुमाल. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या खाणींत गेलेल्यांचे पैसे घरी यायला लागले तसं हे वाढत गेलं.

श्रीमंत गरीब फरक दिसायचा का?

चांगलाच. वोशे नावाचं गाव बघा, गोर्लित्सेजवळ. इथले लोक वंगण विकायचे. आधी लाकडापासून काढलेलं डांबर, नंतर याच भागात खनिज तेल निघायला लागल्यावर त्यातून केलेलं चाकाचं वंगण. आच्छादन घातलेल्या गाड्या घेऊन हे लोक महिनोनमहिने फिरायचे, बाल्टिक समुद्राकडे, हंगेरीकडे. पैसा हातात, चार देशांचे बाजार बघितलेले, मग घरच्या बायकांच्या अंगावर विकतचं कापड, भारी रुमाल, खरी पोवळी. शेजारच्या शेतकरी गावाशी तुलना केली तर एकाच पोशाखाचे दोन वेगळे दर्जे. वोशेमध्ये या व्यापाऱ्यांचं एक जुनं घर संग्रहालय म्हणून ठेवलंय.

हुत्सुल आणि बोइको यांच्यापेक्षा वेगळं कसं ओळखायचं?

हुत्सुल हेही कार्पेथियनमधलेच डोंगरी लोक, कपडे सगळ्यात रंगीत, कातडी बंड्यांवर लोकर, चामडं, पितळ यांची भरगच्च नक्षी. बोइको साधे. लेमको बाप्याचा चुहान्या आणि बाईची क्रिवुल्का व चुण्यांचा छापील कबात एकत्र दिसलं की शंका नको. नुसते मणी बघून ठरवू नका, मण्यांच्या कॉलरी शेजाऱ्यांकडेही आहेत.

आता हे कपडे कोणी घालतं का? बंद कधी झाले?

रोजच्या वापरातून ते दोन महायुद्धांच्या मधल्या काळातच जायला लागले होते, तरुण पोरं शहरी सूट घालायला लागली होती. पण नैसर्गिकपणे जे हळूहळू झालं असतं ते एकदम तोडलं गेलं. 1944 ते 1946 मध्ये लेमकोंपैकी बहुतेक जणांना सोव्हिएत युक्रेनमध्ये हलवलं. उरलेल्यांना 28 एप्रिल 1947 पासून "ऑपरेशन व्हिस्तुला" खाली पोलिश सरकारने लष्कर लावून गावांतून उठवलं आणि जर्मनीकडून मिळालेल्या पश्चिम आणि उत्तर भागात विखरून टाकलं. युक्रेनियन आणि लेमको मिळून सुमारे 1 लाख 40 हजार माणसं. सामान बांधायला कित्येकांना काही तासच मिळाले. अशा वेळी गाडीत धान्य जाईल, गाय जाईल, लग्नातला झगा जाईलच असं नाही. नव्या जागी शेजारी संशयाने बघणारे, तिथे आपले कपडे घालून मिरवायची सोय नव्हती. मेंढरं गेली, गिरण्या गेल्या, रंगारी गेले, म्हणजे कपडा गेला त्याच्या आधी तो बनवायची सगळी साखळीच गेली.

1956 नंतर थोडे लोक डोंगरात परत आले. आज हे कपडे दिसतात ते नृत्यपथकांत, सणाला, लग्नात कधी हौसेने. ब्येलांका गावातलं "लेमकोविना" पथक 1969 चं, लेग्नित्साचं "किचेरा" 1991 चं, आणि लेग्नित्सा कुठे तर पार पश्चिमेला, जिथे लोकांना नेऊन टाकलं होतं तिथे. वेगवेगळ्या गावचे लोक एकत्र राहायला लागले त्यामुळे पोशाखही मिसळले, पथकाला सगळ्यांचं एकसारखं हवं असतं, आणि तोच मिसळलेला प्रकार मग "पारंपरिक" म्हणून स्थिर झाला. त्याला खोटं म्हणू नये असं माझं मत, ज्यांच्याकडून गाव हिसकावलं त्यांच्या पोरांनी जे जमवलं ते आहे ते. पण 1900 सालच्या गावात असंच असायचं असं मात्र समजू नये.

खरे जुने कपडे बघायला कुठे जावं?

सानोकचं खुलं संग्रहालय, तिथे लेमको घरांचा वेगळा भाग आहे. नोवी सॉन्चचं तसंच. झिंद्रानोवा गावातलं छोटं लेमको संग्रहालय, 1968 मध्ये गावातल्याच माणसाने पुढाकार घेऊन सुरू केलेलं, मला विचाराल तर सगळ्यात आधी इथे जा. स्लोव्हाकियात स्विद्निकचं संग्रहालय. क्राकोवला फिरायला जाणारेच जास्त असतात, त्यांनी तिथलं एथ्नोग्राफिक म्युझियम बघावं, वावेल किल्ल्याच्या मागे लागून हे राहून जातं. आणि जुलैमध्ये गेलात तर झ्दिन्या गावची "वात्रा", म्हणजे लेमकोंचा मोठा मेळावा, शेकोटी पेटवून सुरू होतो. तिथे अंगावर घातलेले कपडे दिसतात, काचेमागचे नाही.

शाळेच्या फॅन्सी ड्रेसला मुलीला घालू का?

घाला की, फक्त जे घालताय ते नावासकट सांगा, "युरोपियन शेतकरीण" नको. पांढरं ब्लाउज, निळा पांढऱ्या ठशांचा घेरदार घागरा, पांढरा अ‍ॅप्रन, गडद बंडी एवढं घरच्या कपड्यांतून जमतं. डोक्यावर टोपी नको, ती लग्न झालेल्या बाईची, मुलीला वेणी आणि रिबीन. क्रिवुल्का पूर्ण ओवायला वेळ लागेल, त्यापेक्षा तीन चार बोटं रुंदीची पट्टी करा, तशा अरुंदही असायच्याच. दोरा नायलॉनचा घ्या, साधा सुती दोरा काचेच्या मण्यांच्या धारेने कापला जातो.